नदीच्या वाटेत सरकारी पैसा : मागायचा कधी, नको म्हणायचं कधी

आमच्या गावात नदीकडं जाणाऱ्या पाणंदीला एक अंगणवाडीची इमारत आहे. तिच्यात आज एकही पोर बसत नाही. ती माझ्या सहीनं उभी राहिली, म्हणून हे लिहायला बसले.

गाव दूधगंगेच्या काठचं, कर्नाटकातल्या निपाणी-चिक्कोडी पट्ट्यातलं. २०१५ साली मी ग्रामपंचायतीवर निवडून आले आणि राखीव जागेमुळं अध्यक्ष झाले. नदीपलीकडं महाराष्ट्रात, शिरोळ तालुक्यात दिलेल्या माझ्या बहिणीला याचं हसू येतं. तिच्याकडं सरपंच आणि ग्रामसेवक, आमच्याकडं अध्यक्ष आणि पीडीओ (पंचायत विकास अधिकारी). नदी एकच, कागद निराळे. तर अंगणवाडी मंजूर झाली, पैसा आला, जागा ठरेना. माळावर जागा घ्यायची तर एका शेतकऱ्याच्या दारात दहा वेळा जावं लागलं असतं. नदीकडची सरकारी जागा मात्र मोकळी पडलेली. वर मार्चअखेरीची घाई, पैसा परत जाईल ही भीती. शेजारचे तात्या एवढंच म्हणाले, "आक्का, तिथं आमी म्हशीबी बांधत न्हाई." मी हसण्यावारी नेलं. ऑगस्ट २०१९ला त्या खोलीत लिंटलपर्यंत पाणी होतं.

त्यानंतर मी या विषयात नाक खुपसत गेले. ग्रामपंचायतीत असाल, ग्रामसभेला जात असाल किंवा नदीकाठी घर असून पुराच्या मदतीचा अर्ज करणार असाल, तर पुढचं उपयोगी पडेल.

पहिलं काम कचेरीत नाही, शेतात आहे. पूर कुठवर येतो हे गावात सगळ्यांना तोंडपाठ असतं, लिहिलेलं कुठंच नसतं. २००५, २०१९, २०२१ या तीन पुरांच्या खुणा शोधा. मारुतीच्या देवळाची कितवी पायरी बुडाली, लाईटच्या कुठल्या खांबाला गाळ लागला, कुणाच्या उंबऱ्याला पाणी टेकलं, ते विचारत फिरा. मोबाईलमधले जुने फोटो लोकांकडं असतातच. मग प्रत्येक खुणेला रंगाचा पट्टा मारून वर साल लिहा. दूधगंगेवर सदलग्याला केंद्रीय जल आयोगाचं पाणी मोजायचं केंद्र आहे. त्या दिवसाची तिथली पातळी माहितीच्या अधिकारात मागता येते. अर्जाला १० रुपये आणि ३० दिवसांत उत्तर. गावातली खूण आणि सदलग्याचा आकडा एका कागदावर आले की पुढच्या पावसाळ्यात तुमचं म्हणणं कुणी 'गावगप्पा' म्हणून उडवून लावत नाही.

पण पाणी कुठवर आलं एवढ्यानं भागत नाही. ते कसं आलं हेही बघायला पाहिजे, आणि हे मला फार उशिरा कळलं. आमच्या भागात पाणी दोन तऱ्हेनं येतं. एक धारेचं आणि एक फुगवट्याचं. खाली कृष्णा भरलेली असली की ती दूधगंगेला आत घेत नाही. मग भोजला वेदगंगा मिळते तिथपासून खाली आमच्यापर्यंत सगळं मागं तुंबतं, हळूहळू चढतं, चार-चार दिवस हलत नाही. हा फुगवटा. धार निराळी. नदी पात्र सोडून वळणावरून सरळ रान कापत निघते, तिथं पाणी पळतं. दोन्हीत घर बुडतं, पण धारेत उभं केलेलं बांधकाम पाण्याला अडवतं आणि वरच्या अंगाला पाणी आणखी चढवतं. म्हणजे आपण आपलं नुकसान करतोच, वरच्या गावाचंही करतो.

ओळखायचं कसं? पूर ओसरल्यावर चिखलात उतरून बघा. बारीक, लोण्यासारखा गाळ बसला असेल तर तिथं पाणी उभं होतं. वाळू, गोटे, खरवडलेली माती दिसली तर धार होती. ऊस बघा. फुगवट्यातला ऊस उभ्या उभ्या कुजतो, शेंड्यात गाळ भरून. धारेतला ऊस एकाच दिशेला लोळतो, भांग पाडल्यासारखा. तो ज्या पट्ट्यात लोळला तो पट्टा नदीचा समजा, सातबारा कुणाच्याही नावावर असो. (इकडं आरटीसी म्हणतात हे ठाऊक आहे, पण आमच्या तोंडून सातबाराच निघतो.)

भाचीचा प्रश्न

माझी भाची अमेरिकेत ह्यूस्टनला सिव्हिल इंजिनियर आहे. अंगणवाडीचं रडगाणं मी तिला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "मावशी, इथं हा पैसा सुटलाच नसता." तिच्याकडं नकाशावर पुराच्या क्षेत्रात आणखी एक आतला पट्टा आखलेला असतो. वर्षाला १ टक्का शक्यता असलेला मोठा पूर वाहून जायला जेवढी वाट लागते, तेवढी राखीव. त्या पट्ट्याबाहेर कितीही बांधलं तरी पाणी ठरलेल्या मर्यादेपेक्षा, साधारण एका फुटापेक्षा जास्त चढू नये, असा तो हिशोब. १९७७ साली अध्यक्ष कार्टर यांनी आदेश काढला की केंद्राच्या कुठल्याही खात्यानं पूरक्षेत्रात पैसा घालण्याआधी दुसरी जागा आहे का ते तपासावं आणि लोकांना जाहीर कळवावं. त्याची आठ पायऱ्यांची पद्धत आहे म्हणे. आतल्या पट्ट्यासाठी नियम आणखी कडक. जे काम पाण्याला चिकटूनच होऊ शकतं, किंवा ज्यानं नदीला तिची जागा परत मिळते, अशा थोड्याच कामांना तिथं पैसा मिळतो. धक्का चालेल, पूल चालेल. घरं आणि दवाखाने नाहीत.

"म्हणजे एकच विचारायचं, मावशी. हे काम नदीशिवाय होतं का?"

आपल्याकडं असं अडवणारं कुणी नाही. पूरक्षेत्र आखण्याचा नमुना कायदा केंद्रानं १९७५मध्ये राज्यांना पाठवला. मणिपूर, राजस्थान, उत्तराखंड अशा मोजक्या राज्यांनी तसा कायदा केला. कर्नाटकानं केलेला नाही. बहिणीच्या बाजूला महाराष्ट्रात निळी रेषा आणि लाल रेषा आहे. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मध्ये बंधनं. ती रेषा तिकडं तरी किती पाळतात हा वेगळा विषय, तो काढला की बहीण चिडते. पण रेषा आहे हे खरं. आमच्या काठाला तीसुद्धा नाही. म्हणून भाचीचा प्रश्न ग्रामसभेत आपणच विचारायचा.

तो लावून बघितला की बरीच कामं आपोआप दोन ढिगांत पडतात. घाट, पाणी योजनेची जॅकवेल (नदीचं पाणी उचलायची विहीर), बंधाऱ्याची दुरुस्ती, पातळी मोजायची पट्टी, नदीकडची पाणंद ही कामं नदीशिवाय होत नाहीत. तिथं पैसा मागा. मात्र मोटार आणि पॅनल २०१९च्या खुणेच्या वर बसवायची अट अंदाजपत्रकात घालून घ्या, नाहीतर दर पुरात मोटार जळते आणि गावभर पाणी असताना प्यायला टँकर येतो. अंगणवाडी, समुदाय भवन, रेशन दुकान, पशुदवाखाना, व्यायामशाळा यातल्या कशालाही नदी लागत नाही. जागा फुकट आहे एवढंच कारण असेल तर नको म्हणा. स्मशानशेडवर आमच्यात तीन ग्रामसभा भांडण झालं. लोकांना नदीकाठच पाहिजे, आणि त्यात त्यांचं चुकत नाही. पण पुराच्या दिवसांतही माणसं मरतात. शेवटी जुनी जागा तशीच ठेवली आणि माळाच्या बाजूला एक साधं शेड घेतलं. २०२१ला त्याचा उपयोग झाला.

पुलाचं मात्र नीट बघा. पूल नदीशिवाय होत नाही हे खरं, पण पुलाला जोडणारा रस्ता मातीच्या भरावावर घेतला की तो भराव म्हणजे आडवा बांधच. कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज, सिदनाळ-अक्कोळ हे आमचे बुटके पूल-बंधारे पावसाळ्यात पाण्याखाली जातात, लोक वैतागतात आणि उंच पूल मागतात. मागावाच. फक्त मागणीत 'उंच पूल' एवढंच लिहू नका. 'दोन्ही बाजूंना भरावाऐवजी खांबांवरचा रस्ता किंवा पुरेशा मोऱ्या' हेही लिहा. २०१९ला यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी चढून पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला होता, तो आमच्या सगळ्यांच्या डोळ्यासमोर आहे. खांबांचा खर्च जास्त येतो असं जेई (कनिष्ठ अभियंता) सांगतील. त्यांना म्हणायचं, साहेब, तुमचं तेवढं मत लिहून द्या.

कुठला पैसा कुठल्या थैलीतला

पुरानंतर जो पैसा येतो त्यात लोक सगळ्यात जास्त घोळ घालतात. राज्य आपत्ती प्रतिसाद निधी ही मदतीची थैली. तिच्यात ७५ टक्के केंद्राचे आणि २५ टक्के राज्याचे. ती तातडीची आहे. नवं पक्कं काम, संरक्षक भिंत, गावाचं स्थलांतर तिच्यातून मागू नका, फाईल फिरत राहील. पूर येण्याआधी करायच्या कामांसाठी वेगळा उपशमन निधी आहे. पंधराव्या वित्त आयोगानं आपत्तीच्या एकूण पैशातला २० टक्के हिस्सा त्याला ठेवला. ही गोष्ट आमच्या पंचायतीत पाच वर्षांत कुणी उच्चारली नव्हती, मीसुद्धा नाही. त्याचा प्रस्ताव जिल्ह्यातून जातो, म्हणजे डीसी साहेब (जिल्हाधिकारी) अध्यक्ष असलेल्या जिल्हा आपत्ती प्राधिकरणाकडं अर्ज करायचा. आणखी एक : आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५, कलम ३० बघा. जिल्ह्यातलं एखादं बांधकाम आपत्ती टाळायच्या मानकांप्रमाणं होत नसेल तर ते तपासून संबंधितांना निर्देश द्यायचा अधिकार याच प्राधिकरणाला आहे. कुणी धारेत काही उभं करत असेल तर नुसती तक्रार करू नका, त्या कलमाचा उल्लेख करा.

मदतीचे केंद्रानं ठरवलेले दर २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी असे होते : पूर्ण पडलेलं घर सपाट भागात १,२०,००० रुपये, थोडं पडलेलं पक्कं घर ६,५००, कच्चं ४,०००, झोपडी ८,०००, गोठा ३,०००. कपडे आणि भांड्यांसाठी कुटुंबाला अडीच-अडीच हजार. म्हैस किंवा गाय गेली तर ३७,५००. पिकाचं ३३ टक्के किंवा जास्त नुकसान असेल तर बागायतीला हेक्टरी १७,०००, जिरायतीला ८,५००, तेही २ हेक्टरपर्यंत. रानात तीन इंचांपेक्षा जास्त वाळू-गाळ बसला तर काढायला हेक्टरी १८,०००. नदीनं पात्र बदलून जमीनच नेली तर लहान शेतकऱ्याला हेक्टरी ४७,०००. राज्य कधीकधी यात पदरचे घालतं. २०१९ला पूर्ण पडलेल्या घराला कर्नाटकानं ५ लाख रुपये दिले, हप्त्याहप्त्यानं, पायाचा फोटो, लिंटलचा फोटो असं करत. आत्ताचा दर तहसील कचेरीत विचारून घ्या.

याच निकषांत एक ओळ आहे, ती वाचलेली नसते आणि तीच नडते. घर अधिकृत बांधकाम असल्याचं सक्षम अधिकाऱ्यानं प्रमाणित केलेलं असावं. त्यामुळं पावसाळ्याआधी, उन्हाळ्यात, ई-स्वत्तूचा (पंचायतीच्या ऑनलाइन मिळकत नोंदीचा) फॉर्म ९ आणि ११ किंवा हक्कपत्र काढून ठेवा. आरटीसीचा तिसरा रकाना बघा. त्यात 'अ खराब' आणि 'ब खराब' असं क्षेत्र वेगळं दाखवलेलं असतं. अ म्हणजे पिकाला न चालणारी तुमचीच जमीन. ब म्हणजे नाला, ओढा, तळं, रस्ता, म्हणजे सार्वजनिक. ब खराबवर घर असेल तर अडचण होणार हे धरून चाला, आणि पंचायतीनं तिथं काही बांधायचा ठराव आणला तर हात वर करू नका.

पंचनाम्याच्या वेळी घर धुऊ नका. बायकांना हे पटत नाही. मलाही पटलं नव्हतं, चूल पेटवायची तर चिखल काढावाच लागतो. मग आधी फोटो काढा. भिंतीवरची गाळाची रेघ, पडलेला कोपरा, भिजलेली पोती आणि त्यात घरचं एक माणूस उभं. तलाठी (त्यांचं नवं कानडी नाव वेगळं आहे) नुकसानीला ए, बी, सी असा वर्ग लावतात, तो कुठला लावला ते तिथंच विचारा. नंतर बदलून घ्यायला चिक्कोडीला खेटे घालून चपला झिजतात. बँकखातं आधारला जोडलेलं आणि शेतकऱ्याचा फ्रुट्स नंबर (राज्याच्या शेतकरी नोंदणीचा) झालेला पाहिजे, नाहीतर यादीत नाव असून पैसे येत नाहीत.

भाषेचं थोडं. घटनेच्या ३५०व्या कलमाप्रमाणं गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतो, मराठीतही. माझा अनुभव असा की मराठी अर्ज द्या आणि सोबत कानडी प्रत जोडा. हक्क हक्काच्या जागी, पण टेबलावरच्या माणसाला वाचता आलं की कागद लवकर हलतो. कानडी लिहून देणारं पोरगं प्रत्येक गावात आहे, शाळेत शिकलेलं. एरवी पुरात आमची भाषा एकच होते. पूर्वी निवाऱ्याच्या जागेला गंजी केंद्र म्हणायचे, आता सरकारी पाटीवर 'काळजी केंद्र' लिहितात. हा शब्द भाषांतर न करता दोघांनाही कळतो.

घराचा पैसा आला, बांधायचं कुठं?

हे सगळ्यात अवघड आहे, आणि इथं मी कुणाला शहाणपण शिकवत नाही. पैसा देताना सरकार नुकसान मोजतं. घर पुन्हा त्याच खड्ड्यात बांधताय का, हे २०१९ला आमच्यात कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही. त्यामुळं बरेच जण त्याच जोत्यावर उभे राहिले. २००९च्या पुरानंतर उत्तर कर्नाटकात 'आसरे' योजनेत नव्या जागी घरं बांधली, तरी कितीतरी लोक जुन्या गावातच राहिले. लोक वेडे नाहीत. म्हशी नदीला जातात, वैरण मळीच्या (नदीकाठच्या) रानात, मोटारीचं बटण दाबायला पहाटे तीनला उठायचं. तीन किलोमीटरवरच्या पत्र्याच्या कॉलनीत हा संसार बसत नाही.

आमच्या वाड्यावरच्या सात-आठ घरांनी मधला मार्ग काढला. राहतं घर वर, गावठाणाच्या चढाला, सरकारी पैशातून. गोठा, वैरणीची गंज आणि मोटारीची खोली खाली, स्वतःच्या पैशानं, पत्र्याची, नट काढून उचलता येईल अशी. पाण्याचा निरोप आला की जनावरं सोडायची, पत्रे ट्रॉलीत घालायचे. कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्यावरून किती सोडलं आणि दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणातून किती, हे दोन आकडे पोरांच्या मोबाईलवर येतातच. वर जागा नसेल आणि घर फुगवट्यातच बांधायचं असेल, तर निदान जोतं २०१९च्या खुणेच्या वर घ्या. खर्च वाढतो, खोली एक कमी होते. धारेच्या पट्ट्यात मात्र जोतं कितीही उंच केलं तरी नको. तिथं पाया उकरला जातो.

ठराव कसा लिहायचा

ग्रामसभेत "सर्वानुमते मंजूर" एवढ्यावर सही करू नका. ठरावात जागेचा सर्व्हे नंबर, २०१९ आणि २०२१चं पाणी त्या जागेवर किती फूट होतं, दुसऱ्या कुठल्या दोन जागा बघितल्या आणि त्या का सोडल्या, एवढं लिहून घ्या. 'दुसरी जागा उपलब्ध नाही' असं कुणी सांगितलं तर विचारा, बघायला कोण गेलं होतं. आमच्या वेळी कुणीच गेलं नव्हतं. मी गाडीत बसून माळाकडं हात केला होता. काम आमदार निधीतलं असो, खासदार निधीतलं असो, वित्त आयोगाचं असो, हे चार मुद्दे सगळीकडं चालतात. कामाची पाटी लागते तेव्हा साहेब लोक फोटोला येतात, पण पाणी आल्यावर जबाब ग्रामपंचायतीलाच द्यावा लागतो. तेव्हा ठरावाची नक्कल घरात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत, माळ्यावर.

आणि जे आधीच चुकीच्या जागी उभं आहे त्याचं काय? त्यावर दुरुस्तीचा पैसा ओतत बसू नका. आमच्या अंगणवाडीला दोनदा रंग आणि एकदा फरशी झाली, ती सगळी चिखलात गेली. मग दारं-खिडक्या काढून माळावरच्या नव्या अंगणवाडीला बसवल्या. त्या जागेसाठी त्या शेतकऱ्याच्या दारात दहा नाही, चारच वेळा जावं लागलं. जुन्या खोलीत आता उन्हाळ्यात कुणीतरी कडबा ठेवतं. आतल्या भिंतीवर गाळाच्या दोन रेघा आहेत, २०१९ची आणि २०२१ची, चार बोटांच्या अंतरानं. रंगवाल्याला तेवढ्या पुसू नको म्हणून सांगितलं होतं. परवा जेई नवीन आले, जागा बघायला निघाले होते. त्यांना आधी तिथं घेऊन गेले.